डाव्या हाताचा टाका

तिसगावच्या आसपासच्या वस्त्यांवर त्या काळी कुणाकडे मूल जन्मलं, की घरातली एखादी बाई चोळीचा खण पदराखाली घेऊन मुक्ताबाईच्या दारात यायची. फार बोलणं व्हायचं नाही. मुक्ताबाई खण उन्हात धरून बघायची, काठावरून अंगठा फिरवायची आणि विचारायची, "पोरगं का पोरगी?" दोघांनाही कुंची ती सारखीच शिवायची, पण विचारायची मात्र सगळ्यांना.

तिची कुंची बाळाच्या डोक्यावर टोपीसारखी बसायची आणि पाठीवरून झालरीसारखी उतरायची. खणाचा काठ नेमका कपाळावर येईल असा ती बेत करी. आतून जुन्या धोतराचं अस्तर, शेंड्याला गोंडा, कडेनं रंगीत चिंध्यांची त्रिकोणी कातरं. उरल्यासुरल्या तुकड्यांत सरकी भरून ती पाळण्यावर टांगायला चिमणाळं करी. त्यात राघू असत, चिमण्या असत, एखादा मोर असे. मोराला पिसारा नसे, त्यामुळे तो कोंबडीसारखा दिसे आणि पोरांना तोच जास्त आवडे. तिच्या घरातून चिंधी म्हणून कधी उकिरड्यावर गेली नाही.

आणखी एक गोष्ट तिला येत होती. टाका बघून ती शिवणारीचा हात ओळखायची. कुणाच्या लग्नात बसायला गोधडी टाकली, की टोक उलटून बघायची आणि म्हणायची, "ही सासूनं धरली आन् सुनंनं पुरी केली. मधी भांडान झालं असंल, हितं धावदोरा तुटलाय." बाया हसायच्या. ते बहुतेक वेळा खरं असे, म्हणून थोड्या बिचकायच्याही.

बनुबाई तिची धाकटी जाऊ. लग्न होऊन आली तेव्हा सगळ्या बाया ओसरीवर गोधडी भरत बसल्या होत्या आणि नव्या नवरीच्या हातात कुणीतरी सुई दिली. बनुबाई डावखुरी. तिचा टाका उलट्या अंगाला कलायचा. मुक्ताबाईनं तो बघितला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आगं बया, सगळ्यांचं पीक एकीकडं वाकलंय आन् हिचं वाऱ्याच्या तोंडाला!" हशा झाला. बनुबाईही हसली. पण त्यानंतर मुक्ताबाईसमोर तिनं कधी सुई धरली नाही. मुक्ताबाईला ते कळलंही नाही. कळलं ते पुष्कळ वर्षांनी, नको त्या वेळी.

बनुबाईला मूल झालं नाही. मुक्ताबाईची भागू मात्र तिच्याच मांडीवर वाढली. आईला ती 'आये' म्हणायची आणि चुलतीला 'धाकली आये'. पुढे भागूला कोपरगावकडे दिली. पाटपाण्याचा भाग, हिरवागार ऊस, दारात विहीर. पोर सुखात पडली म्हणून सगळे म्हणत, आणि ते खरंच होतं.

मग दुष्काळाचं साल आलं. भागूला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे सांगायचीही गरज नसते. पण जावई काकासाहेब येऊन मच्छिंद्रला, म्हणजे आपल्या सासऱ्याला, खाली मान घालून म्हणाले, "मामा, आई म्हणती, तिकडं टँकरचं पाणी. बाळंतिणीला नाहू कशात घालणार? तिला आमच्याकडंच राहू द्या."  मच्छिंद्र गुरं घेऊन छावणीत राहायला निघाला होता; पाठीवर घोंगडी टाकून तसाच निघून गेला. मुक्ताबाई आत चुलीपुढं बसून होती. लेकीचं पहिलं बाळंतपण लेकीच्या सासूनं करायचं, हे तिला अंगावरचं लुगडं फाटल्यासारखं वाटलं. तिनं स्वतःला एकच समजूत घातली. बाळंतविडा असा नेऊ, कुंची अशी नेऊ, की कोपरगावच्या बायांनी तोंडात बोट घालावं.

त्यासाठी खणही होता. आपल्या लग्नातला एक इरकली खण तिनं कधी शिवला नव्हता, भागूच्या पहिल्या लेकरासाठी पेटीत ठेवला होता. मुलगा झाल्याचा निरोप आला तशी तिनं पेटी उघडली. त्या वर्षी शेतात दाणा नव्हता, म्हणून उंदीर घरात शिरले होते. खणाची चाळण झाली होती. हाताएवढासुद्धा तुकडा धड निघेना. बाजारातल्या खणाकडे बघायचीही ती वेळ नव्हती. सगळं घर नाल्याच्या दुष्काळी कामावर माती वाहत होतं आणि तिथं मिळणारी सरकारी सुकडी खाऊन दिवस काढत होतं.

कामावरून परतायची वाट माळावरच्या जाखाईवरून जायची. देवीला देऊळ नव्हतं. शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे नुसता गोल दगड, आणि त्यावर हिवराचं जुनं झाड. मूल व्हावं म्हणून बाया त्या झाडाला खण बांधत. मूल झालं की येऊन स्वतःच्या हातानं गाठ सोडायची आणि त्याच खणाचं लेकराला काहीतरी शिवायचं, अशी रीत होती. दुसऱ्या कुणी त्या गाठीला हात लावायचा नसे. लावलेला कुणी ऐकलाही नव्हता. कित्येक खण झाडावरच विरून जात आणि त्यांच्या बाया म्हाताऱ्या होत.

त्या संध्याकाळी मुक्ताबाईच्या टाचेत काटा भरला. बाया पुढे गेल्या. काटा काढायला ती झाडाखाली टेकली आणि मान वर केली, तर मागच्या अंगाला, वाटेवरून दिसणार नाही अशा फांदीला, डाळिंबी रंगाचा खण. हिरवा काठ. एकाच पावसाळ्याचा असावा. त्या साली पाऊस तरी कुठे होता, त्यामुळे रंगही उतरला नव्हता.

तिनं आधी नुसता हात लावला. पोत बघितला. मग गाठ सोडून बघितली. गाठ घट्ट होती, नखाला लागेना. वाटेवर बायांचा आवाज लांब चालला होता. कमरेला गवताचा विळा होता. तिनं गाठीच्या खाली विळा धरला आणि कापडाला कर्रकर्र आवाज झाला. फांदीवर गाठ राहिली आणि तिच्याखाली दोन बोटं काठ. खण तिनं पोटाशी, लुगड्याच्या निऱ्यांत खोवला. देवीकडे न बघता म्हणाली, "पाऊसपानी झालं की दोन बांधीन." आणि लंगडत बायांना गाठायला निघाली. काटा तसाच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारातल्या उन्हात तिनं खण उलगडला. काठाजवळ एक जुनं फाटलेलं होतं, ते कुणीतरी बारीक टाके घालून सांधलं होतं. सवयीनं तिनं अंगठा फिरवला. टाका उलट्या अंगाला कलत होता.

मुक्ताबाईनं त्याच टाक्यांवरून अंगठा पुन्हा फिरवला. मग हळूहळू सगळं आठवत गेलं. श्रावणात बनुबाई एकटीच अनवाणी माळाकडे गेली होती आणि संध्याकाळी आली तेव्हा म्हणाली होती, "सरपान बघाया गेल्ते." डोक्यावर मात्र काडी नव्हती. तेव्हा मुक्ताबाई मनात म्हणाली होती, या वयात हिला काय वेड लागलंय. कुणाला कळू नये म्हणून मागच्या फांदीला बांधला होता तिनं. जावेनं पुन्हा सगळ्यांदेखत काहीतरी बोलू नये म्हणून.

खण परत नेता आला असता. कामाची वाट तीच होती. गाठीखाली पुन्हा टाचून ठेवला असता तर देवीशिवाय कुणाला कळलं असतं? पण बारसं तोंडावर आलं होतं, आणि डोळ्यांपुढे विहीणबाई दिसत होती, रिकाम्या ताटावरचा रुमाल बाजूला करणारी. मुक्ताबाईनं कात्री घेतली. पहिल्या कापानंतर मात्र तिचा हात थांबला नाही. कुंची अशी उतरली, की तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. ते कशाचं, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. सांधलेली जागा डाव्या कानावर येत होती. तिच्यावर तिनं पिवळ्या चिंधीचं मोठं कातर बसवलं. कातर एका कानावर आलं, म्हणून दुसऱ्या कानावरही बसवलं. शोभा वाढली.

बनुबाई रोज विचारायची. "आक्का, दाव की कुंची."

"आदी बगितली तर दिष्ट लागती."

"हे कुठलं शास्तर काढलं?"

"आमच्या म्हायारचं."

"तुज्या म्हायाराला रोज नवं शास्तर निगतं," बनुबाई म्हणाली आणि हसली. मग पदराआडून काहीतरी काढून तिनं झटकन जावेच्या मांडीवर टाकलं आणि पाठमोरी झाली. हिरव्या चिंधीचा राघू. चोच लाल, डोळ्याला काळा मणी. "चिमनाळ्यात बसला तर बसव. न्हाई तर ऱ्हाऊ दे. माजा टाका तुला ठावं हायेच."

 मुक्ताबाईनं राघू सगळ्यात वरच्या दोरीला बांधला.

बारशाला दोघीच निघाल्या. भागूचा निरोपच तसा होता, धाकल्या आयेला आणल्याशिवाय येऊ नको. एस्टीत बनुबाईनं बोचकं मांडीवर घेतलं. मुक्ताबाईनं ते काढून आपल्याकडे घेतलं. "तुला जड हुईल."

"कुंची जड हाय व्हय? सोन्याची केली का काय?"

नगर मागं पडलं, राहुरी मागं पडली, तसतशी दोन्ही बाजूंना जमीन हिरवी होत गेली. इतका हिरवा रंग मुक्ताबाईनं वर्षभरात पाहिला नव्हता. पुढे कारखान्याच्या मळीचा वास आला. बनुबाई खिडकीतून बघत म्हणाली, "आपली पोर लई हिरव्यात पडली गं." मुक्ताबाईनं बोचकं आणखी पोटाशी धरलं.

विहीणबाई छबूबाई दांडगी बाई होती. मनाची वाईट नव्हती, पण तोंडाला लगाम नव्हता. पाळणा सजला होता, घुगऱ्यांची पातेली भरली होती, आळीतल्या बाया दाटीनं बसल्या होत्या. बनुबाई आल्याआल्या दाराजवळ, घुगऱ्यांच्या पातेल्यापाशी जाऊन बसली. कुणी सांगितलं नव्हतं. अशा वेळी कुठं बसायचं हे तिला पाठ झालं होतं.

आधी दुपटी निघाली, मग गोधडी. मग चिमणाळं. भागू बाजेवर बसली होती. वरचा राघू बघून ती एकदम म्हणाली, "हा धाकल्या आयेचा! टाका बगा की, उलटा हाय. आयेनंच शिकवलंय मला वळखायला." बाया कौतुकानं राघू बघू लागल्या. बनुबाई दारातून लाजून हसली. मुक्ताबाईनं कुंची बोचक्यात आणखी खाली सारली.

शेवटी कुंची निघाली. एकच गलका झाला. "आगं, काठ बघ कसा कपाळावर आणलाय." "पाठीची झालर बघ." हातोहात कुंची फिरू लागली. छबूबाईनं खणावरून हात फिरवला आणि म्हणाली, "विहीणबाई, हात सोन्याचा हो तुमचा. पण मला एक सांगा, तुमच्याकडं तर म्हणं प्यायला पानी न्हाई. मग एवढा भारी खण कुठून पैदा केला? कुनाचा मागून तर न्हाई ना आणला?"

हे ती हसत म्हणाली होती. दोन बायाही हसल्या.  मुक्ताबाईला दिसलं, की कुंची फिरत फिरत दारापर्यंत पोचली आहे आणि बनुबाईच्या हातात आहे.

बनुबाई आधी नुसती बघत होती, सगळ्या बघत होत्या तशी. मग तिनं खणाचा रंग बघितला. काठ बघितला. तिची मान खाली गेली आणि डाव्या हाताचं बोट पिवळ्या कातराखाली शिरलं. तिथं ते थांबलं. मुक्ताबाईला वाटलं, जमीन दुभंगावी. असं नुसतं म्हणायचं असतं असं तिला आजवर वाटत होतं. आता बनुबाई जे बोलेल ते भागू ऐकणार होती. जिला तिनं टाका ओळखायला शिकवला होता, तीच पोर.

बनुबाईनं मान वर केली. जावेकडे तिनं बघितलं नाही.

"खण माजा हाय," ती म्हणाली. "लई वर्सं ठिवला हुता. लेकराच्याच अंगावर घालायचा हुता, म्हून दिला."

"असं व्हय," छबूबाई म्हणाली, आणि तिचा आवाज जरा खाली आला.

"मग धाकल्या आयेनंच घालावी कुंची," भागू बाजेवरून म्हणाली.

कोपऱ्यातली एक म्हातारी कुजबुजली, "आगं, तिला स्वतःला न्हाई… पयल्या पोराला…"

कुजबूज इतकी हळू नव्हती. छबूबाई क्षणभर घुटमळली. सुनेकडे बघितलं, मग दाराकडे. भागूनं बाळ उचलून दोन्ही हातांवर पुढे धरलं होतं आणि ते खाली घ्यायची तिची तयारी दिसत नव्हती. "या बाई," शेवटी छबूबाई म्हणाली, "खण तुमचा, तर हातबी तुमचाच लागू द्या."

बनुबाई उठली. बायांच्या मधून, लुगडी सावरत, ती पाळण्यापर्यंत गेली. डाव्या हातानं तिनं बाळाची मान धरली आणि उजव्या हातानं कुंची बसवली. बंद बांधताना तिची बोटं जरा चुकली. बाळानं जांभई दिली. मग आत्यानं कानात नाव सांगितलं, गोरक्षनाथ, आणि बायांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. सगळा वेळ मुक्ताबाई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या कामाचं एवढं कौतुक आयुष्यात कधी झालं नव्हतं. एकेक शब्द तिला पाठीत बसत होता.

 येताना एस्टीत बनुबाईच्या मांडीवर छबूबाईनं दिलेल्या घुगऱ्यांची पुरचुंडी होती. तिसगावला उतरून दोघी गाडीवाटेनं निघाल्या तेव्हा ऊन कलत होतं. माळाच्या चढावर हिवराचं झाड दिसू लागलं तशी मुक्ताबाई थांबली.

"बने."

"चल मुकाट्यानं."

"मला ठावं नव्हतं गं तुजा हाय म्हून. आन् नंतर…" नंतरचं तिला म्हणवेना.

"नंतर कळलं हुतं," बनुबाई म्हणाली. "कातर उगं न्हाई लावलं तू. डाव्या कानाला चिंधी टाका झाकाया लावलीस आन् उजव्याला तिच्या जोडीला. मलाबी कळतं की थोडं. तुज्याच घरात बसून बगितलंय." ती चालायला लागली, मग पुन्हा थांबली. "मागितला असतास तर दिला असता का, मला ठावं न्हाई. खरंच सांगती. कदाचित नसता दिला. पर मागायचा तरी."

मुक्ताबाईनं पदर तोंडाला लावला. "मी दुसरा बांधते. पाऊस पडू दे, दोन…"

"तू नगं बांधू." बनुबाईचा आवाज पहिल्यांदा चिरकला. "माज्यासाठी तू काय बी बांधू नगंस, आक्का."  मग बनुबाईनं झाडाकडे बघत विचारलं, "एक सांग. गाठ सोडलीस का कापलीस?"

खोटं बोलावं का, हे मुक्ताबाईच्या मनात येऊन गेलं. काय सांगितलं तर कमी लागेल, हे तिला कळेना.

"कापली," ती म्हणाली. "इळ्यानं. गाठ सुटंना."

बनुबाईनं श्वास सोडला. तिचा चेहरा सैल झाला. मुक्ताबाईला ते सगळ्यांत जड गेलं.

"मंग बांदलेलीच हाय," बनुबाई म्हणाली. "गाठ हाय ना झाडावर? मंग हाय." आणि ती पुरचुंडी सावरत पुढं निघाली.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. दुष्काळी कामं बंद पडली, मच्छिंद्र गुरं घेऊन घरी आला, बायांचे खण पुन्हा मुक्ताबाईच्या दारात येऊ लागले. ती कुंच्या शिवत राहिली. गोधडीचं टोक उलटून बघायची सवय मात्र सुटली, कुणी मुद्दाम पुढं केली तरी ती म्हणे, "नजर कमी झालीया बाई." दोघी जावा एकत्र राहिल्या, एकत्र भाकरी थापल्या, पुढे भागूच्या दुसऱ्या बाळंतपणाला एकत्र राबल्या. बनुबाईनं त्या खणाचा विषय कधी काढला नाही आणि मूल तिला कधी झालं नाही.

बाजाराला जाताना मुक्ताबाई कधी कधी बायांच्या मागं राहायची आणि मागच्या फांदीपाशी जायची. दोन बोटं काठ पहिल्याच पावसाळ्यात पिवळा पडला, मग पांढरा, मग त्याचे धागे झाले. गाठ मात्र तशीच होती. डाव्या हाताची गाठ, उलट्या अंगानं वळलेली. मुक्ताबाई ती बघायची, हात मागे ठेवून, आणि निघून जायची.